हार्नेस आहे, पण हूक कुठे?

प्रश्न : आमच्या सोसायटीत रंगकाम चालू आहे. कामगार हार्नेस घालतात, पण हूक पायाजवळच्या परांचीच्या बांबूलाच अडकवतात. एवढे पुरेसे आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, आणि हे आजच थांबवा. परांची कोसळली तर हूकही तिच्यासोबतच खाली जाईल. हूक इमारतीच्या भक्कम भागाला किंवा गच्चीवरून सोडलेल्या स्वतंत्र लाइफलाइनला हवा, तोही डोक्याच्या वर. हार्नेसची १.८ मीटरची दोरी पायाशी अडकवली, तर ती ताणली जाईपर्यंतच माणूस तीन मीटरहून अधिक कोसळतो. पुढे दोरीतला धक्का शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडताना आणखी मीटरभर तरी जातो. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस दोरी असूनही जमिनीवर आदळेल.

पट्टे कापलेले, उसवलेले किंवा थिनरने कडक झालेले असतील, तर हार्नेस बाद करा. एकदा माणसाचे पडणे झेललेला हार्नेस आणि दोरी वरून धडधाकट दिसली तरी पुन्हा वापरू नका.

पडल्यावर हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाच्या पायांतले रक्त वर यायला अडथळा होतो. काही मिनिटांतही जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला खाली कोण आणि कसे उतरवणार, हे ठेकेदाराकडून काम सुरू होण्यापूर्वीच लेखी घ्या.