आधी नौदल, मग मार्कोस

मार्कोसमध्ये, म्हणजे नौदलाच्या मरीन कमांडोंमध्ये, थेट भरती होत नाही. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीकडच्या ज्या घरात पोरगा ‘मला मरीन कमांडो व्हायचंय’ म्हणतोय, त्या घराने हे आधी ध्यानात घ्यावे. ‘कमांडो भरती’च्या नावाने फी मागणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

अमेरिकेसारखे स्वतंत्र मरीन दल आपल्याकडे नाही. समुद्रातून येऊन लढण्याचे सर्वांत अवघड काम नौदलाचे हे कमांडो करतात. दल उभे राहिले १९८७ मध्ये. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात एनएसजीचे कमांडो पोहोचण्याआधी ताज हॉटेलमध्ये शिरले ते हेच. तिथे गोळ्या लागून गंभीर जखमी झालेल्या प्रवीणकुमार तेवतियांना शौर्यचक्र मिळाले.

मुलांना मी मात्र मार्च २०२४ ची ‘रुएन’ जहाजाची मोहीम वाचायला सांगते. सोमाली चाच्यांनी पळवलेले हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर होते. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस पॅराशूटने भर समुद्रात उतरले. नौदलाची मोहीम सुमारे ४० तास चालली. ३५ चाचे शरण आले आणि ओलीस ठेवलेले १७ खलाशी सुखरूप सुटले. या दलाचा दरारा जगात आहे तो अशा कामामुळे, आणि ते संयमाचे काम आहे.

आता वाट. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा देता येते. तिथून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) तयारी होते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर नौदलात अग्निवीर म्हणूनही जाता येते. त्यांचे प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्का येथे होते. नौदलात शिरल्यावर मार्कोससाठी स्वतःहून नाव द्यायचे. डिसेंबर २०२२ पासून ही वाट मुलींनाही खुली झाली आहे.

‘आणि नाहीच झेपलं तर?’ आईवडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. नाव देणाऱ्यांपैकी बहुतेक जण गळतात. पण गळलेला जवान घरी येत नाही. तो नौदलातल्या आपल्या कामावर परततो. खरी काळजी करायची ती अग्निवीराच्या मुदतीची. सेवा चार वर्षांची आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणून बारावीचे गुण आणि पुढची पदवी सोडू नका, हे मी प्रत्येक घरात आग्रहाने सांगते.

पोहण्याचीही तयारी नीट हवी. विहिरीत सूर मारणारी आपली पोरे धीट असतात, पण दम राखून लांब अंतर कापणे वेगळे. ते प्रशिक्षकाकडून शिकावे. उजनी धरणाच्या फुगवट्यात एकट्याने सराव करू देऊ नका.

आणि कुठल्याही अकॅडमीत पैसे भरण्याआधी, शक्यतो दहावीतच, सोलापूरला नेत्रतज्ज्ञाकडून नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता तपासून घ्या. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत अडकणार असलेल्या मुलाला दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आजच कळू द्या, म्हणजे दुसरी वाट निवडायला त्याच्या हाती वेळ राहील.