स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरचे पथ्यपाणी

स्थूलता हे केवळ अतिखाण्याचे व आळसाचे फळ आहे, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे वजन घटविण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे बोल ऐकावे लागतात. ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती’ हा शस्त्रक्रियेपूर्वीचा बोल, आणि ‘पोट कापून घेतले, आता कसली काळजी’ हा नंतरचा. पहिल्यामुळे रुग्ण वेळेवर उपचार घेत नाही. दुसऱ्यामुळे नंतरच्या पथ्याकडे त्याचे व त्याच्या घरच्यांचे दुर्लक्ष होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया एक ते तीन तासांत आटोपते. तिची तयारी मात्र काही आठवडे चालते आणि तिचे पथ्य जन्मभर पाळावे लागते. हे पथ्य रुग्णाला एकट्याने सांभाळता येत नाही. घर, कार्यालय आणि गावचे आरोग्य केंद्र यांचा त्यात वाटा असतो.

हा प्रश्न आता केवळ शहरांतील सुखवस्तू घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील जादा वजनाच्या वा स्थूल स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते; ते २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये हेच प्रमाण १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर पोचले. यांपैकी फार थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज भासते. परंतु ज्यांना भासते त्यांना योग्य माहिती मिळणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

स्थूलतेचे मोजमाप शरीरभार निर्देशांकाने करतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १६० सेंटिमीटर उंची आणि ९० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे ३५ येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ असून मधुमेह, रक्तदाब यांसारखे गंभीर विकार सोबत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करीत. २०२२ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष शिथिल केले. आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेहाचा धोका वाढतो, हे ध्यानात घेऊन त्यांच्यासाठी २७.५ च्या पुढील निर्देशांकालाही शस्त्रक्रियेचा पर्याय सुचविण्यात आला.

याचा अर्थ हा पहिला उपाय आहे, असा मात्र नाही. आहारनियमन, व्यायाम आणि अलीकडे उपलब्ध झालेली वजन घटविणारी औषधे यांचा विचार आधी व्हावा. केवळ सुंदर दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करीत नाहीत.

शस्त्रक्रियेत काय करतात?

बहुतेक शस्त्रक्रिया आता पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीच्या साहाय्याने होतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्ही प्रकारांत थोडक्या अन्नाने पोट भरते आणि भूक व रक्तशर्करा यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांत बदल होतो. त्यामुळे वजन फारसे उतरण्यापूर्वीच अनेक मधुमेही रुग्णांची साखर सुधारू लागते.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींची तुलना तितक्याच इतर स्थूल व्यक्तींशी करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र धोका अजिबात नाही, असेही नाही. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. या दोन्ही बाजू रुग्णाला व कुटुंबाला समजावून सांगितल्या गेल्या पाहिजेत.

पूर्वतयारी

निर्णय झाल्यावर शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाची तपासणी करतात. रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लोह, जीवनसत्त्व ब१२ व ड यांच्या चाचण्या होतात. शाकाहारी व्यक्तींत ब१२ ची उणीव पुष्कळदा आधीपासूनच असते. ती शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढणे श्रेयस्कर. मोठ्याने घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण भूल देताना तिला महत्त्व असते.

तंबाखू, विडी व सिगारेट किमान सहा आठवडे आधी सोडावी आणि पुन्हा धरू नये. तंबाखूमुळे जखम लवकर भरत नाही व जोडाच्या ठिकाणी व्रण होण्याचा संभव वाढतो. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या औषधांत कोणता बदल करावयाचा, हे डॉक्टरच ठरवितात. ती परस्पर बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीमुळे मोठे झालेले असते व ते जठरावर आड येते. या आहाराने ते आकसते आणि शल्यचिकित्सकाचे काम सुरक्षित होते. ‘पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून याच दिवसांत नातलग रुग्णाला आग्रहाने जेवू घालतात. हा प्रेमाचा आग्रह त्याला अपायकारक ठरतो.

रुग्णालयातून घरी

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशीच चालविण्यात येते. पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ नयेत, यासाठी हे चालणे जरुरीचे असते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. बैठे काम साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करता येते. जड ओझे उचलणे मात्र चार ते सहा आठवडे टाळावे.

आहार टप्प्याटप्प्याने वाढवितात. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ : वरणाचे निवळ पाणी, साय काढलेले दूध, पातळ ताक. पुढील दोन आठवडे घोटलेली मुगाची डाळ, कुस्करलेले पनीर, दही यांसारखे मऊसूत अन्न. त्यानंतर मऊ शिजविलेले पदार्थ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, पण अल्प प्रमाणात. नेमके वेळापत्रक आपापल्या आहारतज्ज्ञाचेच पाळावे.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून हे काम किती कठीण आहे याची कल्पना येईल. म्हणून ताटात आधी डाळ, उसळ, पनीर, अंडी वा मासे घ्यावेत, मग भाजी आणि अखेरीस भाकरी किंवा भात. घास बारीक चावावा. पाणी जेवणासोबत घेऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे. दिवसभरात दीड लिटर तरी पाणी जावे. निर्जळी उपवास टाळावेत. बायपास झालेल्या रुग्णाने उसाचा रस, पेढे, श्रीखंड असे गोड पदार्थ घेतल्यास थोड्याच वेळात घाम, धडधड, चक्कर व जुलाब होऊ शकतात.

जन्मभराची औषधे

जठर लहान झाल्यामुळे वा मार्ग बदलल्यामुळे अन्नातील सूक्ष्म घटक पुरेसे शोषले जात नाहीत. बहुजीवनसत्त्वे, लोह, ब१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ही पूरके म्हणून कायम घ्यावी लागतात. कॅल्शियम सायट्रेट या स्वरूपातील कॅल्शियम अधिक सोयीचे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. प्रकृती उत्तम वाटू लागली की गोळ्या बंद करण्याकडे कल होतो. उणिवेचे परिणाम मात्र महिन्या-वर्षांनी दिसतात : पंडुरोग, हातापायांना मुंग्या, ठिसूळ हाडे. म्हणून वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी करावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. ते बहुधा पुन्हा येतात.

बायपासनंतर अंगदुखीच्या काही सर्वसामान्य गोळ्यांमुळे जोडाच्या ठिकाणी व्रण होतात. तेव्हा दुकानातून परस्पर गोळी आणून घेऊ नये. स्त्रियांनी पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते आणि बायपासनंतर तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्णपणे विसंबता येत नाही. यासाठी अन्य साधनाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

धोक्याची लक्षणे

पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढती पोटदुखी, नाडीचे जलद ठोके, धाप लागणे, पोटरी सुजणे अथवा काळी शौचास होणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सतत होणाऱ्या उलट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांमुळे शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, अल्पावधीत संपते. मग दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, मन गोंधळणे अशी लक्षणे उद्भवतात व मेंदूस कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला की ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत खेड्यापाड्यांत रूढ आहे. परंतु अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिल्यास ही अवस्था बळावू शकते. यासाठी शस्त्रक्रियेचा प्रकार नमूद असलेले रुग्णालयाचे कार्ड घरात हाताशी ठेवावे आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांना ते प्रथम दाखवावे.

खर्च आणि सहकार्य

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली निश्चित केलेल्या शब्दरचनेनुसार, आरोग्य विम्यात स्थूलतेवरील उपचार वगळलेले असले तरी काही अटी पूर्ण झाल्यास हे वगळणे लागू होत नाही. वय १८ वा अधिक, निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ सह अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा तीव्र निद्राश्वसनरोध, आणि आधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असणे, या त्यांतील प्रमुख अटी होत. म्हणून आधी केलेल्या उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत व आपल्या विमापत्रातील तरतूद आधीच तपासावी.

कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्याची रजा ही चैनीची बाब समजू नये. कामावर आल्यावर त्याला दर दोन-तीन तासांनी थोडे खाण्याची व पाणी पिण्याची मोकळीक द्यावी. शिक्षकांनी जाड मुलांची थट्टा वर्गात थांबवावी. थट्टेला भिऊन आजार लपविण्याची सवय तेथूनच लागते. ग्रामपंचायत सदस्यांना आरोग्य सेविका व आशा कार्यकर्तीमार्फत रुग्णाची गोळ्या, वजन व रक्ततपासणी यांविषयी नियमित विचारपूस होईल, अशी व्यवस्था पाहता येईल. लग्नकार्यात ‘एवढे तर घ्याच’ असा आग्रह न करणे, ही तर प्रत्येकाला जमण्यासारखी मदत आहे. शल्यचिकित्सकाचे काम रुग्णालयात संपते. तेथून पुढचे काम रुग्णाच्या भोवतालच्या माणसांनी मिळून करावयाचे असते.