चिकटवणं सोड, मॉड्यूल आपोआप येऊ दे

अगं, प्रत्येक शाखेच्या एक्सेल फाइलमध्ये तोच मॅक्रो हाताने चिकटवत बसतेस? रविवारीसुद्धा? ऐक माझं. व्हीबीए एडिटरमध्ये मॉड्यूल एक्स्पोर्ट केलंस की त्याची साध्या मजकुराची फाइल बनते. अशा सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेव आणि दुरुस्ती तिथल्या प्रतीतच करत जा. मग एक छोटा मॅक्रो लिही, जो फोल्डरमधली एकेक फाइल उचलून वर्कबुकात इम्पोर्ट करेल. दहा-बारा ओळींचं काम.

पहिल्याच वेळी बहुतेक १००४ एरर येईल. तुझा कोड चुकलेला नसतो. ट्रस्ट सेंटरच्या मॅक्रो सेटिंग्जमध्ये व्हीबीए प्रोजेक्टला हात लावू देण्याची टिक मुळातच बंद असते, आणि ते योग्यच आहे. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डमधला मॅक्रोच होता. एका डॉक्युमेंटमधून दुसऱ्यात स्वतःचा कोड उतरवत पसरला. तुझा मॅक्रोही कोडच उतरवतो, हेतू तेवढा वेगळा. म्हणून टिक फक्त स्वतःच्या मशीनवर कर, काम झालं की काढ. शाखेतल्या काकांना फोनवरून टिक करायला लावू नकोस हं, त्यांना तयार फाइल पाठव.

खरी गंमत दुसऱ्यांदा चालवताना. त्याच नावाचं मॉड्यूल आधीच असेल तर एक्सेल तक्रार करत नाही. गुपचूप नावापुढे १ लावून दुसरी प्रत ठेवतं. मग एकाच नावाच्या दोन प्रोसिजर होतात आणि कुठली चालवायची यावर गाडी अडते. जुनं आधी काढायचं हे तुलाही सुचेल, पण चालू मॅक्रो संपेपर्यंत ते कधीकधी जातच नाही. म्हणून जुन्याचं नाव बदल, मग काढ, मग नवं आण. आणि हा आणणारा मॅक्रो पर्सनल वर्कबुकात ठेव, नाहीतर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवशील.

शीटमागचा कोड मात्र असा येत नाही. इम्पोर्ट केलास तर वेगळं क्लास मॉड्यूल बनतं. तिथे जुन्या ओळी पुसून नव्या भराव्या लागतात.

शाखांची मराठी नावं कोडमध्ये लिहू नकोस, एडिटर त्यांची प्रश्नचिन्हं करून ठेवतो. ती एखाद्या शीटवर लिही, मॅक्रो तिथून वाचेल. आणि सेव्ह करताना एक्सएलएसएमच निवड. एक्सएलएसएक्स निवडून पुढच्या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणालीस, तर आणलेली सगळी मॉड्यूलं गेली!