एका तळ्यात तीन जातींचे मासे

तळ्यात एकाच जातीचे मासे सोडल्यास ते एकाच थरातील अन्नासाठी झगडतात व इतर थरांतील अन्न वाया जाते. कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरातील अन्न खातो. म्हणून दर दहा बोटुकलींत ४ कटला, ३ रोहू व ३ मृगळ असे प्रमाण ठेवावे. सायप्रिनस तळाशीच चरतो. तो सोडावयाचा झाल्यास मृगळ तितकाच कमी करावा.

मरळ मासा मात्र बोटुकली गिळतो व वर्षाची मेहनत बुडवितो. तळे आटले तरी तो चिखलात तग धरतो. तेथून तो शोधून काढावा. न आटणाऱ्या तळ्यात, पाणी मीटरभर खोल असल्यास, हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड टाकावी व तीन आठवड्यांनंतरच बोटुकली सोडावी. ग्राम कार्यकर्त्यांनी तत्पूर्वी जाळे फिरवून खात्री करून घ्यावी.