अन्यायाला शिक्षा देण्याची वृत्ती : मेंदू आणि माणसामाणसांतील भेद

उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• अन्याय्य वाटणी नाकारण्यामागील मेंदूचे कार्य सांगता येईल;
• याबाबत व्यक्तिव्यक्तींमध्ये भेद का आढळतो, हे स्पष्ट करता येईल;
• ‘अन्याय कळणे’ आणि ‘अन्याय नाकारणे’ यांतील फरक विशद करता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात भातलावणीची मजुरी ठरताना आपण पाहिली असेल. दर अपुरा असतो. एक मजूर मान खाली घालून शेतात उतरतो. दुसरा ‘या पैशात येणार नाही’ म्हणून रोज बुडवतो. पहिल्याला अन्याय कळतच नाही, असे लोक सहज म्हणून जातात. हे मत कितपत खरे आहे, ते आता तपासू.

२. निर्वाणीच्या प्रस्तावाचा खेळ
जर्मन अर्थशास्त्रज्ञ वर्नर ग्यूट व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये एका साध्या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका खेळाडूला काही रक्कम दिली जाते. तिची वाटणी कशी करायची, हे तोच सुचवतो. दुसऱ्याने वाटणी मान्य केली, तर दोघांना आपापला वाटा मिळतो. नाकारली, तर दोघांनाही काहीच मिळत नाही. केवळ लाभाचा विचार केला, तर दुसऱ्याने एक रुपयाही घ्यायला हवा. प्रत्यक्षात अनेकजण अल्प वाटा झिडकारतात. म्हणजेच समोरच्याला शिक्षा करण्यासाठी ते स्वतःचे नुकसान पत्करतात.

३. मेंदूत काय घडते?
अॅलन सॅन्फी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे एफएमआरआय तंत्राने निरीक्षण केले. अन्याय्य प्रस्ताव येताच ‘अग्र इन्सुला’ हा भाग अधिक सक्रिय झाला. किळस, वेदना यांसारख्या अनुभवांशी या भागाचा संबंध आहे. ज्यांच्यात ही सक्रियता तीव्र होती, त्यांनी असे प्रस्ताव अधिक प्रमाणात नाकारले.

दारिया नोख व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन कपाळामागील उजव्या भागाचे (ललाटपूर्व बाह्यकाचे) कार्य काही काळ मंदावले. तेव्हा सहभागी व्यक्ती अन्याय्य वाटणी अधिक वेळा स्वीकारू लागल्या. मात्र ‘ही वाटणी न्याय्य आहे का?’ असे विचारता त्यांचे उत्तर पूर्वीइतकेच ठाम होते : नाही. अन्याय कळणे व तो नाकारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यातून दिसते.

४. भेद कशामुळे?
नोख यांच्याच गटाने २०१० मध्ये खेळापूर्वी, स्वस्थ बसलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील विद्युत्-क्रिया नोंदवली. उजव्या ललाटपूर्व भागात ज्यांची मूळची सक्रियता अधिक होती, त्यांनी पुढे अधिक शिक्षा केली. याचा अर्थ, या भेदाचा काही अंश व्यक्तीच्या स्थिर घडणीत असतो.

परंतु सर्वच भेद स्थिर नसतो. मॉली क्रॉकेट व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आहाराद्वारे मेंदूतील सेरोटोनिन तात्पुरते घटवले, तेव्हा त्याच व्यक्तींनी अन्याय्य प्रस्ताव अधिक वेळा नाकारले. न्यायाविषयीचे त्यांचे मत तेच राहिले. बदलला तो प्रतिसाद.

५. प्रयोगशाळेबाहेर
आता आपल्या परिसराकडे वळू. शहापूर-मुरबाडला लागून असलेल्या कल्याण तालुक्यात, टिटवाळा येथे जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे आले होते. पुढे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणारा तो लग्नगडी. त्याच वर्षी वाजवी मजुरीसाठी वारल्यांनी गवतकापणी नाकारली. मालकाचे गवत उभे राहिले, मजुराची मजुरी बुडाली : दोघांचेही नुकसान झाले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात हा लढा सांगितला आहे.

हा संप म्हणजे केवळ शिक्षा नव्हती. पुढे दर वाढेल ही आशाही त्यात होती. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. वर्षानुवर्षे वेठ सोसणारी हीच माणसे होती. काही महिन्यांत त्यांच्या मेंदूची घडण बदलली नव्हती. बदलली होती ती परिस्थिती : नकाराची किंमत एकट्याने मोजायची राहिली नव्हती.

६. सारांश
अन्यायाची जाणीव, राग आणि स्वार्थाला आवर घालण्याची क्षमता यांच्या मेळातून नकार जन्मतो. हा मेळ प्रत्येकात वेगळा असतो. घरातील चूल, डोक्यावरची उचल आणि सोबतीला कोण आहे, यांवरही निर्णय अवलंबून असतो. म्हणून गप्प राहणाऱ्याला अन्याय कळत नाही, असे मानणे शास्त्राला धरून नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. २००६ च्या प्रयोगात काय बदलले आणि काय कायम राहिले?
२. गवतकापणीचा संप आणि प्रस्तावाचा खेळ यांतील एक साम्य व एक भेद लिहा.
३. आपल्या गावात कमी दर स्वीकारणाऱ्या व नाकारणाऱ्या प्रत्येकी एका व्यक्तीशी बोला. ‘हा दर न्याय्य वाटतो का?’ हा प्रश्न दोघांनाही विचारा. नावे न देता उत्तरांची तुलना दहा ओळींत करा.