करपरताव्याचे विलंबित दावे आणि व्याजाचा प्रश्न

कर भरण्यास उशीर झाला तर शासन व्याज आकारते. मग जादा वसूल झालेला कर परत करण्यास शासनाने विलंब लावला तर काय, आणि परताव्याची मागणी करदात्यानेच उशिरा केली तर काय, हे दोन्ही प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आले आहेत.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस जवळचा वाटेल असा खटला तंबाखूच्या व्यापाऱ्यांचा होय. तत्कालीन मध्य भारत राज्याने १९५० च्या विक्रीकर कायद्याखाली बाहेरून आणलेल्या तंबाखूवर कर बसविला. राज्यात पिकणाऱ्या तशाच तंबाखूवर मात्र तो नव्हता. हा भेदभाव राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०१ ने दिलेल्या व्यापारस्वातंत्र्याशी विसंगत होता. व्यापाऱ्यांनी कर मुकाट्याने भरला होता. तो देय नव्हता हे उमगल्यावर ते उच्च न्यायालयात गेले. 'मध्य प्रदेश राज्य विरुद्ध भाईलालभाई' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली असा निर्णय दिला की, घटनाबाह्य कर परत करण्याचा आदेश उच्च न्यायालय रिट अर्जावर देऊ शकते. तथापि हा अधिकार विवेकाधीन असून, दिवाणी दाव्यास जी मुदत आहे तीच सामान्यतः विलंबाची कसोटी मानावी. त्या वेळी ही मुदत चूक कळल्यापासून तीन वर्षांची होती. कर बेकायदेशीर ठरूनही कित्येक अर्जदारांचा परताव्याचा आदेश टिकला नाही, तो यामुळे.

पुढे डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक अट घातली. ज्याने कराचा बोजा गिऱ्हाइकावर टाकला, त्यास परतावा मागता येणार नाही. व्यापाऱ्यांस हे कठोर वाटले, परंतु पैसा मुळात गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेला असतो, हे नाकारता येत नाही.

व्याजाविषयी अधिकाऱ्यांनी रॅनबॅक्सी प्रकरणातील २०११ चा निर्णय ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उत्पादनशुल्काच्या परताव्यावरील व्याज परताव्याच्या आदेशाच्या दिवसापासून नव्हे, तर अर्ज मिळाल्यावर तीन महिने उलटले की सुरू होते, असे त्यात ठरले. म्हणजे फाईल टेबलावर पडून राहिल्याचा खर्च शासनाच्या तिजोरीवरच पडतो. मात्र कायद्यात नसलेले व्याज मागता येत नाही. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीस २००६ मध्ये अडकून राहिलेल्या व्याजाबद्दलही भरपाई मिळाली होती. पण २०१३ मध्ये मोठ्या पीठाने स्पष्ट केले की तो त्या प्रकरणापुरता निर्णय होता आणि परताव्यावर कायद्यात सांगितलेले व्याजच द्यावयाचे.

गावकऱ्यांचा संबंध येतो तो बहुधा आयकराशी. मुदत ठेवीच्या किंवा भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावरील व्याजातून कर आधीच कापून घेतला जातो. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरल्यावाचून ती रक्कम परत येत नाही. विवरणपत्राची मुदत टळली असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास दिला. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. २०१५ च्या परिपत्रकात ही मर्यादा सहा वर्षांची होती. विलंबाचे कारण तपासताना 'खरी अडचण' या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. करदात्यामुळे झालेल्या उशिराच्या काळाचे व्याज मात्र मिळत नाही.

वस्तू व सेवा कराच्या परताव्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे. अर्जानंतर साठ दिवसांत पैसे न मिळाल्यास सहा टक्के व्याज मिळते; व्यापाऱ्याने कर थकविला तर त्याच्याकडून घेतले जाते अठरा टक्के. गुजरात उच्च न्यायालयाने एका प्रकरणात दिलेले नऊ टक्के व्याज सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सहावर आणले. अर्ज सदोष असल्यास पंधरा दिवसांत त्रुटीपत्र येते आणि नव्याने अर्ज करावा लागतो. पहिला अर्ज दाखल झाल्यापासून त्रुटीपत्र मिळेपर्यंतचा काळ दोन वर्षांच्या मुदतीत धरला जात नाही.