धूर तपासणीला जाण्यापूर्वी



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे ट्रकचे टायर, ट्रॉलीचे हूक, बैलांच्या पत्र्या, सगळ्याची पाहणी होते. गाडीच्या धुराकडे मात्र कोणी बघत नाही. पीयूसीची मुदत संपली की सेंटरवर जायचे, कागद घ्यायचा आणि खिशात घालायचा, एवढाच त्या तपासणीचा अर्थ आपण करून घेतला आहे. या पाठात ती तपासणी म्हणजे काय आणि तिला जाण्यापूर्वी गाडीची तयारी कशी करावी, ते आम्ही सांगणार आहोत.

आधी आमचीच फजिती सांगतो. आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. एकदा सकाळी उठल्याउठल्या ती सुरू केली आणि जवळच्याच सेंटरवर नेली. मशीनवरच्या पोराने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, मागे काळा लोट निघाला आणि गाडी नापास झाली. आम्ही त्या पोरावरच चिडलो. तिथून एका गॅरेजवर गेलो. त्यांनी पंप उतरवावा लागेल, नोझल बदलावी लागतील, असे सांगून मोठा आकडा काढला. गावातल्या जुन्या मिस्त्रीला विचारले तेव्हा तो म्हणाला, “पंपाचं नंतर बघू, आधी हिला श्वास घेता येतोय का ते बघा.” त्याने एअर फिल्टर काढून टायरवर आपटला, तर ओंजळभर माती पडली. फडातल्या रस्त्याचा सगळा फुफाटा त्यात बसला होता. नवा फिल्टर घातला, गाडी दहा-बारा किलोमीटर पळवून गरम केली आणि त्याच सेंटरवर ती पास झाली. अख्खा हंगाम आम्ही तिचे तोंड दाबून तिला पळवत होतो आणि डिझेल जास्त जाते म्हणून पंपवाल्याच्या मापाला दोष देत होतो.

तपासणीत काय मोजतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम ११५ प्रमाणे ही तपासणी होते. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबतात आणि सोडतात. असे काही वेळा करतात. सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातून प्रकाशाचा झोत सोडून तो किती अडतो, हे यंत्र मोजते. धूर जितका दाट, तितका आकडा मोठा. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाडीला ही मर्यादा ६५ हार्ट्रिज आहे, तर भारत स्टेज चारच्या गाडीला ५० आहे.

पेट्रोलची तपासणी वेगळी असते. इंजिन मंद चालू ठेवून नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या पद्धतीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के, त्याआधीच्या दुचाकीला साडेचार टक्के आहे. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘आमच्या फटफटीला धूरच नाही’ असे म्हणून चालत नाही.

धुराचा रंग ओळखावा

उसाच्या पानाचा रंग पाहून आपण नत्र कमी पडले की लोह, हे ओळखतो. तसेच धुराचे आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असतो, टर्बोचा रबरी पाइप फाटलेला असतो, नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकत असते किंवा पंप जास्त सोडत असतो. तपासणी याच क्रमाने करावी, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असतील. कधी कधी ऑइल खुणेच्या वर भरलेले असते, म्हणून आधी पट्टी काढून बघावी.

पांढरा धूर थंड इंजिनातून सकाळी थोडा येतो, तो गरम झाल्यावर जातो. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅस्केटमधून पाणी आत जाण्याचा संभव असतो. अशी गाडी तपासणीला नेऊ नये, मिस्त्रीकडे न्यावी.

आठ दिवस आधी करायची कामे

१) एअर फिल्टर काढून झटकावा. खराब झाला असेल तर बदलावा. ऊस वाहतुकीच्या गाडीला पुस्तकात दिलेल्या मुदतीपर्यंत थांबू नये, आपले रस्ते पुस्तकातले नाहीत.

२) इंजिन ऑइलची मुदत झाली असल्यास ऑइल व त्याचा फिल्टर बदलावा.

३) डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेले पाणी काढावे. पिंपात साठवलेले डिझेल वापरत असाल, तर तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नये.

४) पट्टे, टायमिंग बेल्ट आणि होज पाइप बघावेत. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर इंजिन पुऱ्या वेगाने फिरते. जुना बेल्ट तेव्हाच तुटला, तर तपासणीच्या पैशांत इंजिनचे काम निघते.

५) सायलेन्सरला भोक असेल तर वेल्डिंग करून घ्यावे. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि वाचन खोटे येते.

६) पेट्रोल गाडीचा प्लग काढून पाहावा. टोकावर काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, असे समजावे. चोक पूर्ण उघडतो का, हे बघावे आणि मंद गती नीट लावून घ्यावी.

तपासणीच्या दिवशी

गाडी थंड नेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर, शक्य तर चढावर किंवा थोड्या भारासह चालवून न्यावी. इंजिन गरम होतेच, शिवाय सायलेन्सरमध्ये बसलेली काजळी वाटेतच उडून जाते. सेंटरवर भली मोठी रांग असेल तर गाडी पुन्हा गार होते. अशा वेळी परत एक फेरी मारावी. एसी, दिवे बंद करावेत. तपासणी सुरू असताना स्वतः शेजारी उभे राहून आकडा वाचावा आणि लिहून ठेवावा. मागच्या वेळी ३० होता आणि आता ५५ आहे, तर गाडी पास झाली तरी आजारी आहे, हे समजते. पास-नापासापेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे.

गाडी नापास झाली तर घाबरू नये. २०२१ पासून नापासाची कारणे दाखवणारी स्लिप देण्याची तरतूद आहे. ती मागून घ्यावी आणि मिस्त्रीला दाखवावी.

काय करू नये?

काही जण तपासणीपुरता पंपाचा स्क्रू आवळून डिझेल कमी करतात आणि घरी आल्यावर परत सोडतात. हे सोंग आहे. पंपाचे सील तुटते, सेटिंग कायमचे बिघडते आणि भरल्या ट्रॉलीने चढाला दम तोडला की वाहनाबरोबर माणूसही जातो.

दुसरे, गाडी न नेता कागद करून देणारे भेटतात. तो कागद गाडीचा नसून फक्त नंबराचा असतो. त्याने धूर एक कणही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सभासदांनी नीट ऐकावी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या ट्रकमध्ये डिझेलच्या टाकीबरोबर निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात शुद्ध केलेल्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेले द्रावण घालतात. ‘युरियाच ना, मग आपल्या पोत्यातला का नको?’ असे म्हणणारे आम्हांला भेटले आहेत. अहो, आपला युरिया निंबोळीच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ते द्रावण घातले की फवारणीची नोझल चोंदते आणि धुराड्यातला महागडा भाग निकामी होतो. शिवाय अनुदानाचे खत शेतासाठी आहे, ते गाडीत घालणे गुन्हा आहे. पिकाचे पिकाला आणि गाडीचे गाडीला द्यावे.

कायद्याची बाजू

नव्या गाडीला नोंदणीनंतर एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर भारत स्टेज चार व सहाच्या गाड्यांना ती एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. प्रदूषणाची मानके मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि लायसन्सही तीन महिने अडकते. मुदतीची तारीख घरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवावी.

शेवटचे पण महत्त्वाचे

दंड टळावा म्हणून हा पाठ लिहिलेला नाही. हंगामात रात्री कधी काट्यापुढे या आणि रांग बघा. ट्रकमागे ट्रक उभा असतो. बॅटरी कमजोर, सेल्फ लागेल की नाही याची खात्री नाही, म्हणून ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवतात. यार्डाच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या असतात. दिवसभर फडात राबलेली आई पालाच्या तोंडाशी चूल पेटवते आणि तिची लेकरे त्याच धुरात झोपतात. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे. आपल्या उसाची मोळी ज्या हातांनी बांधली, त्या हातांची ही पोरे आहेत.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. हंगामापूर्वी गाडीचा धूर खरा तपासून घ्यावा आणि बॅटरी दुरुस्त करून रांगेत इंजिन बंद ठेवावे. डिझेल वाचेल ते आपलेच आहे.

उजळणी

१) गाडी गरम करूनच का न्यावी?
२) काळ्या धुराला आधी काय बघाल, पंप की एअर फिल्टर?
३) खताचा युरिया गाडीच्या टाकीत का चालत नाही?
४) मागच्या तपासणीत तुमच्या गाडीचा आकडा किती होता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर उद्याच कागद काढून बघा.